काल ये गं, मॅट्रिक

हिरा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मनातल्या मनात तिच्याशीच भांडत होते. दुपार टळायला आली होती. सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत मी वाळलेले कपडे काढत होते, आणि हिरा आता अमुक म्हणेल, मग मी तमुक म्हणेन, अशी पुढच्या भेटीची तयारी चालली होती. फोनवर तिचा मुलगा महेश होता. "मावशी, आई गेली," म्हणाला. मी विचारलं, "कुठे?" कारण ही बाई एका जागी टिकणारी नव्हतीच. तो रडायला लागला, तेव्हा कळलं. जेवून आडवी झाली होती, घरचे चहाला उठवायला गेले तर उठलीच नाही... माझ्या मनात पहिला विचार कुठला आला ते लिहू नका असं माझी सून मृणाल म्हणते, पण या वयात मी कोणाला घाबरू? विचार आला की आता आमच्या पैजेचं काय? रडू त्यानंतर आलं. हिराला हा क्रम फार आवडला असता. आधी पैज, मग रडारड.

हिरा म्हणजे भाईंदर पश्चिमेच्या जुन्या गावातली, खाडीलगतच्या कोळीवाड्यातली. तिच्या सासरच्या दोन होड्या होत्या, पक्कं घर होतं आणि त्या घरात आमच्या सगळ्या आळीतला एकमेव टीव्ही होता. लाकडी पेटीतला, शटरवाला. ते शटर उघडायचा मान फक्त हिराचा. ती ते असं काही दिमाखात सरकवायची की देवळाचा गाभारा उघडल्यासारखं वाटे. मी तिच्या घरामागच्या चाळीत भाड्याच्या खोलीत राहायला आले ती रत्नागिरीकडून, नवीन लग्न होऊन. आणि काय आले म्हणून सांगू! नायलॉनची साडी, चेहऱ्यावर पावडरचा थर, हातात घडी घातलेला रुमाल, आणि तोंडात एकच वाक्य, "मी मॅट्रिक आहे." नळावर पाणी भरायला गेले तरी हे वाक्य, रेशनच्या रांगेत उभी राहिले तरी हेच. तिसऱ्या दिवशी नळावर हिरानं हंडा खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, "ए मॅट्रिक, तुजा हंडा मॅट्रिकनं भरायचा का पान्यानं?" त्या दिवसापासून माझं नाव गेलं. सुनंदा कोण, हे पोस्टमनलासुद्धा हिराच्या घरी विचारावं लागे.

रविवारी सकाळी टीव्हीवर एक परदेशी मालिका लागायची, हिंदीत बोलायला लावलेली. काही माणसं एका यानातून आकाशात हिंडतात आणि दर आठवड्याला कुठल्यातरी नव्या संकटात सापडतात. तिचं खरं नाव आम्हाला कोणालाच नीट उच्चारता येत नव्हतं. यान दिसायला पितळी जेवणाच्या डब्यासारखं होतं, म्हणून आळीत सगळे तिला 'डबा' म्हणत. "आज डब्यात काय झालं?" असं लोक सोमवारी बाजारात विचारत आणि नवा माणूस गोंधळून जाई. हिराच्या सासूला हिंदी अजिबात येत नव्हतं. मग प्रश्न आला, तिला कोण समजावणार? मी. अर्थातच मी. मॅट्रिक ना! हिराच्या घरी एक लोखंडी घडीची खुर्ची होती. बाकी सगळे जमिनीवर, आणि मी त्या खुर्चीवर, टीव्हीच्या बाजूला, जमलेल्या मंडळींकडे तोंड करून. पडद्यावरचा माणूस बोलला की मी मराठीत सांगायचे. आज मला त्या खुर्चीवरच्या पोरीचं हसू येतं. माझं हिंदी म्हणजे शाळेतलं, 'राम आम खाता है' छापाचं. पडद्यावर यंत्रांची नावं, ग्रहांची नावं धडाधड यायची आणि मी मान ताठ ठेवून ठोकून द्यायचे. एकदा कप्तान "ऊर्जा समाप्त हो रही है" म्हणाला तर मी सांगितलं, त्यांचं रॉकेल संपलंय. म्हातारी हळहळली. म्हणाली, आपल्याकडचं द्या थोडं.

आता त्या रविवारचं सांगते. त्या दिवशी डबा काळाच्या उलट्यासुलट्या प्रवासाला निघाला होता. एका लहानशा ग्रहावर एक दीपगृह आणि तिथं एकटी राहणारी बाई. रोज संध्याकाळी दिवा लावते. कप्तान पहिल्यांदा उतरतो तेव्हा ती म्हातारी असते आणि त्याला बघून म्हणते, आलास, बस. हा चक्रावतो, कारण त्यानं तिला कधी पाहिलेलीच नसते. दुसऱ्यांदा उतरतो तर ती पोक्त. तिसऱ्यांदा उतरतो तर ऐन तरुण, आणि आता तीच त्याला ओळखत नाही! म्हातारी सासू पुढं सरकून बसली होती. तिचा मुलगा, म्हणजे हिराचा नवरा, तेव्हा मासेमारीला गेलेला. ती म्हणाली, "ही बाय आपल्यातलीच दिसतंय. दिवा लावून वाट बघतंय." शेवटाला तो यानाच्या दारात उभा राहतो आणि ती तरुण बाई विचारते, "फिर कब आओगे?" नेमकी त्याच वेळी हिरा चहाचं तपेलं घेऊन आतून येत होती. कप्तान थोडा हसला आणि म्हणाला, "कल."

आणि लाइट गेली.

भाईंदरला तेव्हा लाइट जाणं म्हणजे सूर्य मावळण्याइतकं ठरलेलं, पण त्या दिवशी सगळ्या आळीनं वीज कंपनीचा उद्धार केला. म्हातारीनं माझा गुडघा धरून विचारलं, काय बोलला तो? मी म्हटलं, "उद्या येतो म्हणाला." तेवढ्यात चहाचं तपेलं हातात घेऊन, अर्धंही न पाहिलेली हिरा दारातूनच म्हणाली, "उद्या न्हाय. काल बोल्ला तो. काल येनार हाय."

वाचकांनो, भांडण हे इतकंच. हिंदीवाल्यांनी काल आणि उद्या दोन्हींना एकच शब्द ठेवला आणि आमच्या दोघींच्या आयुष्याला कामाला लावलं. मी म्हटलं, काल कसा येईल, अक्कल आहे का? माणूस पुढं जातो की मागं? ती म्हणाली, बाई प्रत्येक वेळेला लहान होत जाते, मग तो मागं मागंच चाललाय ना! मी म्हटलं, तू होतीस कुठे, तू तर चूल बघत होतीस. ती म्हणाली, कानानं ऐकायला डोळे लागत न्हाय. खरं सांगू, तिला काही कळलं होतं अशातला भाग नाही. मी उद्या म्हटलं म्हणून तिनं काल म्हटलं. मी काल म्हटलं असतं तर ती उद्यासाठी जीव द्यायला तयार झाली असती. आणि मी? मला तरी काय कळलं होतं? खुर्चीवर बसले होते, एवढंच. पण चारचौघांत म्हटलं ना उद्या, मग उद्याच.

शेवटचा भाग बुडाला म्हणून पुढच्या रविवारी परत दाखवतील अशी आशा होती. नाही दाखवला. मग पैज लागली. मी हरले तर मी तिच्या होडीत बसायचं, आणि ती हरली तर तिनं मला मॅट्रिक म्हणायचं सोडून सुनंदा म्हणायचं. होडीत बसण्यात काय मोठंसं, असं तुम्हाला वाटेल. मी सड्यावरच्या, म्हणजे खडकाळ माळावरच्या गावची. पाणी म्हणजे विहिरीतलं, तेही खोल वाकून बघायचं नाही. खाडीच्या काठावर संसार केला, पोरं वाढवली, पण होडीत पाय ठेवला नाही. जेट्टीवर गेले तरी काठापासून लांबच उभी राहायचे. हिराला हे माहीत होतं, म्हणून तर तिनं ती अट घातली. आणि तिच्या तोंडून सुनंदा ऐकायला मी किती आसुसलेली होते, हे मला माहीत होतं.

पुढं तिनं त्यावरून एक सवयच लावून घेतली. मी तिच्याकडून निघाले की दारात उभी राहून म्हणायची, "काल ये गं, मॅट्रिक." पोरं मोठी झाली, आम्ही मीरा रोडला आलो, मी तिच्याकडे रिक्षानं जायला लागले, तरी तेच. एकदा तर रिक्षावाल्यालाही सांगितलं, "भैया, इनको कल लेके आना." तो बिचारा "हां, मौसी" म्हणाला आणि हिरानं माझ्याकडे बघून असा डोळा मारला की मला रिक्षात हसू आवरेना. फोन ठेवतानाही, "चल, काल बोलू." तिच्या सुनेला वाटायचं सासूबाईंचं वय झालंय. वय कसलं, तो बाण मलाच मारलेला असायचा.

मी एकदाच तिला नीट विचारलं होतं की काल जाऊन तू करणार काय गं? आम्ही जेट्टीवर बसलो होतो, म्हणजे ती काठाला आणि मी दहा हात मागं. ती जाळं सुकतं तिकडे बघत म्हणाली, "कालची मानसं वळखीची असत्यात. उद्याला आपल्याला कोन वळखतंय?" मी तेव्हा ते हसण्यावारी नेलं. मला उद्याच हवा होता. मोठा फ्लॅट, लिफ्ट, गरम पाण्याचा नळ... आता सगळं आहे. लिफ्ट दर पंधरा दिवसांनी बंद पडते आणि समोरच्या फ्लॅटमधल्या बाई मला 'आंटीजी' म्हणतात. उद्या आला की तो असा येतो.

तर, यंदा मृणालनं कमाल केली. माझी ही सून गप्प बसून कामं करते. माझ्याकडून डब्याची, दीपगृहाची आणि उलट्या वयाच्या बाईची गोष्ट ऐकून ऐकून तिचे कान किटले असणार. एका सकाळी मोबाइल माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "आई, हे का?" मी बघते तर तोच पितळी डबा! तेच खड्यांसारख्या चांदण्यांचं आकाश! मी किंचाळलेच. शेजारच्या आंटीजी विचारायला आल्या की क्या हुआ. मी एकही मिनिट बघितलं नाही. हिराशिवाय बघितलं असतं तर ती बेइमानी झाली असती. तशीच साडी बदलली, मृणालला बरोबर घेतलं, रिक्षा केली आणि भाईंदर गाठलं. वाटेत मी रिक्षावाल्याला दोनदा सांगितलं की जरा जोरात चालव, आणि मृणालनं दोनदा सांगितलं की हळू चालव.

हिराच्या पुढच्या खोलीत आजही तो टीव्ही आहे. म्हणजे आतलं सगळं काढून टाकलंय, लाकडी पेटी आणि शटर तेवढं ठेवलंय. आत तिच्या औषधांच्या बाटल्या. हिरानं बाटल्या बाजूला केल्या, मोबाइल त्या पेटीत टेकवून उभा केला, शटर आधी बंद केलं आणि मग जुन्याच दिमाखात सरकवून उघडलं. आम्ही दोघी पोरींसारख्या खिदळत होतो. मी माझी लोखंडी खुर्ची शोधत होते, तर ती कुठे दिसेना. विचारलं तर म्हणाली, "दिली भंगारात." मला बरं नाही वाटलं. पलंगावर तिच्याशेजारी बसले. दीपगृहाची बाई आली, म्हातारी, मग पोक्त, मग तरुण... हिराचा हात माझ्या मनगटावर होता आणि पकड घट्ट होत चालली होती. आता! आता तो शेवट, जो आमच्या आळीत कोणीच पाहिला नव्हता! ती विचारते, फिर कब आओगे. तो हसतो. "कल." दार बंद होतं. दिव्याचा झोत फिरतो आणि नावं वर सरकायला लागतात.

संपलं.

ज्या शेवटासाठी आयुष्यभर झुरलो, तो आम्ही त्या दिवशीच पाहिला होता. लाइट गेली ती शेवट झाल्यावर! हिरा इतकी हसली की तिला ठसका लागला. मृणालनं पाणी दिलं आणि मग हळूच सांगितलं की ही मालिका मुळातली इंग्रजी आहे, तोच भाग इंग्रजीतही मिळेल, आणि इंग्रजीत काल आणि उद्याला वेगवेगळे शब्द आहेत. मी ताडकन उठले. म्हटलं, लाव. हिरानं मोबाइल पालथा घातला. "आज न्हाय. आज मना हिच्याशी भांडायचं हाय," म्हणाली. आणि भांडली की! बोंबील तळता तळता भांडली, वाढताना भांडली, मला दारापर्यंत सोडताना भांडली. रिक्षा सुटल्यावर मागून हाक आली, "काल ये गं, मॅट्रिक." ती आमची शेवटची भेट.

ती गेल्यावर काही दिवस मी त्या मोबाइलकडे बघितलंच नाही. मग एका दुपारी मृणालला म्हटलं, लाव ते इंग्रजी. मला वाटलं होतं मनाला फार लागेल, पण झालं भलतंच. जसजसा शेवट जवळ यायला लागला तसतशी मी पुढं सरकून बसायला लागले, त्या रविवारच्या म्हातारीसारखी. मनातून मी अजूनही जिंकायला बसले होते, काय सांगू तुम्हाला! ती बाई काहीतरी विचारते. माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीला ते झेपलं नाही. पण कप्तानाचा एकच शब्द मला लख्ख ऐकू आला.

"यस्टर्डे."

मी मृणालला परत लावायला लावलं. परत यस्टर्डे. मृणाल समजावायला लागली की आई, तो विनोद आहे, त्याचं परत येणं तिच्या कालमध्येच घडणार, म्हणून तर तो हसतो. मी म्हटलं, मला नको समजावूस, मी खुर्चीवर बसून हे लोकांना समजावलेलं आहे. आणि मी हरले आहे. पहिल्यांदाच हरण्याचा इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. द्यायला समोर हात नव्हता, म्हणून स्वतःच्याच मांडीवर वाजवली.

दहाव्याला मी खाडीवर गेले ती भाषण तयार करून. मला खात्री होती की पिंडाला कावळा शिवणार नाही. हिराचा जीव पैजेत अडकलेला असणार, सगळे आळीपाळीनं काही काही कबूल करून थकतील, आणि मग मी पुढं होऊन सांगेन की हिरा, तू जिंकलीस, काल, मी होडीत बसते. मनात तर मी पदरही खोचला होता. महेशनं पिंड ठेवला, मागं सरला... आणि कावळा आला! मी तोंड उघडायच्या आत आला, शिवला, उडाला. लोकांनी हात जोडले. मी अशी फसवल्यासारखी उभी. मला खरंच राग आला. म्हणजे आयुष्यभराचं आमचं भांडण, आणि हिची त्यात इच्छाच नव्हती?

मी महेशला बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. यस्टर्डे, पैज, होडी. त्यानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "मावशी, आईनं मला तुम्ही येऊन गेल्या त्याच्या आधीच सांगितलेलं. बोल्ली, मॅट्रिक होडीत बसली म्हनून समज. तू फक्त जागा कर." मी विचारलं, कसली जागा? तो मला जेट्टीच्या टोकाला घेऊन गेला. होडी बांधलेली होती. निळी. आणि होडीच्या मधोमध, चारी पाय दोरीनं फळीला करकचून आवळलेली, माझी लोखंडी घडीची खुर्ची. होडीचाच निळा रंग उरला होता तो तिला फासलेला. भंगारात म्हणे!

मॅट्रिकचे गुडघे दुखतात, तिला फळीवर बसवायचं न्हाय, असं ती महेशला म्हणाली होती म्हणे. इच्छा अडकायचा प्रश्नच नव्हता. तिच्या हिशेबी मी होडीत बसून फिरून आलेसुद्धा होते. काल.

मी त्या दिवशी बसले नाही, महेशच्या घरी सुतक होतं. तेराव्यानंतरच्या रविवारी बसले. सकाळी, डबा लागायच्या वेळेला. महेशनं एक हात धरला, मृणालनं दुसरा, आणि मी जेट्टीवरून खुर्चीत उतरेपर्यंत जे जे देव आठवले त्यांना कामाला लावलं. होडी हलली तशी मी ओरडले. रेल्वेच्या पुलाखालून जाताना परत ओरडले, पण ते मजा वाटली म्हणून. पाणी काही वाईट नसतं हो! चकचकतं, खारट वास येतो, वारा अंगावर येतो... आणि मागं वळून बघितलं की काठावरची आपली सगळी घरं दिसतात, हिराचं घर, मागची आमची चाळ. कालची सगळी माणसं ओळखीची, हे तिनं मला काठावरून सांगितलं होतं. दिसलं मात्र खाडीच्या मध्यावरून.

परत जेट्टीला लागलो. महेशनं हात पुढं केला आणि म्हणाला, "मॅट्रिक मावशी, उतरा." नाव तेच राहिलं, पैज हरल्यामुळे. बरं झालं हरले. सुनंदा म्हणायला माणसं पुष्कळ आहेत.

ती खुर्ची मी सोडवू दिलेली नाही. दर रविवारी येईन म्हणून महेशला सांगितलंय. उतरताना मी तिच्या पाठीवर हात ठेवते, उन्हानं ती तापलेली असते, आणि तिला निरोप देते. माझ्या पुढच्या कुठल्याही उद्यामध्ये हिरा नाही. भेटायची ती आता तिच्याच वाटेनं. म्हणून मी हळूच म्हणते, महेशला ऐकू जाऊ नये इतक्या हळू...

"येते हिरा. काल भेटू."